हनुवटी टेकवा, हलू नका

डॉ. तेन्मोळी : ...तर ऐया, माणसाचा हात थरथरतो, डोळा फसतो. संगणक फसत नाही. आधी तुमच्या जबड्याचा स्कॅन, मग त्याबरहुकूम बनवलेला साचा, आणि त्या साच्याच्या भोकातूनच ड्रिल जातं. केसभर इकडेतिकडे व्हायची सोयच नाही.

सोमास्कंदन : हे तुम्ही काल दात बसवायच्या आधीही सांगितलं होतं. तेव्हा ऐकायला जास्त बरं वाटलं.

वैती : अण्णा, हनुवटीवर सांबार आहे.

सोमास्कंदन : कुठे?

वैती : डाव्या अंगाला. सकाळच्या इडलीचं. वाळलंय आता.

सोमास्कंदन : बघा डॉक्टरम्मा. साचा केसभर हलत नाही, आणि माझ्या तोंडावरचं सांबार मला वैतीकडून कळतं.

डॉ. तेन्मोळी : भूल कधीकधी रेंगाळते.

सोमास्कंदन : रात्र गेली, दुपार झाली. माहेरपणाला आलीय का ती?

डॉ. तेन्मोळी : काल दुखलं होतं का काही?

सोमास्कंदन : अजिबात नाही. हिरडी कापली नाहीत, टाका घातला नाहीत. सबंध गल्लीला सांगत सुटलो होतो, कुंभकोणमात असे हात नाहीत म्हणून. आता वाटतं, थोडं दुखायला हवं होतं. ओठ माझाच आहे एवढं तरी कळलं असतं.

डॉ. तेन्मोळी : डोळे मिटा. मी ओठाला कापूस लावते. कळलं की बोट वर करा.

वैती : कापूस राहू द्या. ही लावा. नादस्वर वाजवताना ओठात धरतात ती पत्ती. अण्णांना झोपेतसुद्धा कळते.

(सोमास्कंदन डोळे मिटतात. बोट मांडीवरच राहतं.)

सोमास्कंदन : लाव ना रे. किती वेळ काढतोस?

वैती : लावलीय, अण्णा.

(सोमास्कंदन स्वतःच्या बोटाने ओठावरची पत्ती चाचपतात.)

वैती : काढू?

सोमास्कंदन : काढ. डॉक्टरम्मा, पुढच्या महिन्यात पंगुनीचा उत्सव. देव देवळाबाहेर पाऊल टाकतो ते माझ्या नादस्वरातल्या मल्लारीच्या सुरांवर. फुंक आहे, बोटं आहेत. पण खालच्या ओठाला पत्तीच कळली नाही, तर स्वर धरायचा कशाने? देवाला म्हणू, यंदा आतच बसा?

वैती : वळंगैमानचा तो नादस्वरवाला पोरगा तुमच्या जागेवर टपलेलाच आहे.

सोमास्कंदन : तो वाजवायला लागला तर देव आपणहून आत जाईल.

डॉ. तेन्मोळी : आज काढलेल्या स्कॅनमध्ये दिसतंय. दातासाठी हाडात बसवलेल्या स्क्रूचं टोक ओठाच्या नसेला टेकलंय. साचा नीट बसला होता. ज्या चित्रावरून तो बनवला, ते चित्रच धूसर आहे. ऐया, त्या पहिल्या स्कॅनच्या वेळी डोकं हलवलंत?

सोमास्कंदन : मी? देवळातल्या द्वारपालासारखा उभा होतो.

वैती : अण्णा.

सोमास्कंदन : जरासं. पण ते तुमच्यामुळे. तुमच्या स्कॅन काढणाऱ्या मुलीने, पेशंटला बरं वाटावं म्हणून, गाणं लावलं. नादस्वरावर तोडी. आणि वाजवणाऱ्याने गांधार असा काही बेसूर ओढला, की कुणीही ‘नाही’ म्हणेल. तोंडात यंत्राची दांडी, बोलायची सोय नाही. मान हलली. त्या वळंगैमानच्या पोराने माझा दात बिघडवला.

वैती : तो नव्हता वाजवत.

सोमास्कंदन : मग कोण?

वैती : तुम्हीच. पेनड्राइव्ह मीच दिला होता. म्हटलं, स्वतःचं ऐकून जीव शांत राहील. मागे ढोल, माझा तवील वाजतोय, तेही ओळखलं नाहीत?

सोमास्कंदन : तवील बरा होता.

वैती : आजवर कधी म्हणाला नाहीत.

सोमास्कंदन : आजवर ऐकताना नेहमी ठाऊक असायचं कुणाचा आहे ते. म्हणजे, तो गांधार माझा?

वैती : तुमचा.

सोमास्कंदन : मग मान हलली ते बरोबरच.

डॉ. तेन्मोळी : ऐया, दोष मानेचा नाही. त्या चित्रात हाडाची कड दुहेरी दिसत होती. मी पाहिली होती. संगणकाने तक्रार केली नाही, म्हणून मीही केली नाही. दुसरा स्कॅन काढायला हवा होता.

सोमास्कंदन : म्हणजे बेसूर तुम्हीही ऐकलंत, आणि मान हलवली नाहीत.

डॉ. तेन्मोळी : नाही हलवली.

सोमास्कंदन : हं.

डॉ. तेन्मोळी : स्क्रू आत्ताच काढायला हवा. नस जितकी दाबलेली राहील तितकं वाईट.

सोमास्कंदन : काढल्यावर ओठ परत येईल?

डॉ. तेन्मोळी : येऊ शकतो. हळूहळू, महिने लागतील. मुंग्या यायला लागल्या तर समजायचं, येतोय. कदाचित पूर्ण येणारही नाही. खात्री देत नाही.

सोमास्कंदन : काल देत होतात.

डॉ. तेन्मोळी : काल देत होते.

सोमास्कंदन : म्हणजे पंगुनी गेला.

डॉ. तेन्मोळी : गेला.

सोमास्कंदन : वैती, त्या पोराला निरोप धाड. यंदा मल्लारी त्याने वाजवावी.

वैती : आणि गांधाराचं काय सांगू?

सोमास्कंदन : काही सांगू नकोस. डॉक्टरम्मा, काढा तो स्क्रू.

डॉ. तेन्मोळी : आता साचा नाही. नुसत्या हाताने काढेन. भूल देते, दुखणार नाही. तुम्हाला जरा बरं वाटावं म्हणून आणखी काही करू? गाणं लावत नाही.

सोमास्कंदन : वैतीला बाहेर बसवा. तो मांडीवर ताल धरतो.