गाडी उन्हात उभी होती

सत्तेचाळीस! तुम्हीच सांगा, खरोखर सत्तेचाळीस असतं, तर माझे बाबा गाडीचं दार उघडं टाकून, एक पाय आत एक पाय बाहेर अशा अवस्थेत, शेजारच्या काकांशी टायरमधल्या हवेबद्दल दहा मिनिटं गप्पा मारत बसले असते का? पण नाही! गप्पा संपवून त्यांनी वर मान केली आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या खिडकीकडे बघून ओरडले, "अण्णा, सत्तेचाळीस दाखवतंय! आज नाही जमायचं!" आणि खिडकीत इस्त्रीचा शर्ट घालून, केस विंचरून, हातात पिशवी घेऊन तासाभरापासून तयार असलेले माझे आजोबा नुसते "बरं" म्हणाले आणि शर्टाचं वरचं बटण काढायला लागले... अहो, गाडी उन्हात उभी होती हो!

एवढंच! चार शब्दांचं वाक्य आहे. गाडी उन्हात उभी आहे. मोजून चार. पहिलीतलं पोर वाचेल. पण ते त्या दिवशी माझ्या तोंडून निघालं नाही, त्याच्या पुढच्या रविवारी निघालं नाही, त्याच्याही पुढच्या रविवारी निघालं नाही, कारण मी म्हणजे अशी की दुकानदारानं सुट्टे पैसे कमी दिले तर "असू दे" म्हणणारी, हजेरीला "हजर" म्हटलेलं बाईंना ऐकू न आल्यानं अख्खा महिना गैरहजर लागलेली!

बरं, आता आजोबांबद्दल सांगायलाच हवं. माझे आजोबा हवामानखात्यात होते. साहेब वगैरे नाही हं, निरीक्षक. चौतीस वर्षं त्यांचं काम एकच. मैदानाच्या मधोमध चार पायांवर उभी असलेली झडपांची पांढरी लाकडी पेटी असते, तिचं दार ठरल्या वेळी उघडायचं, आतला तापमापक वाचायचा, दार लावायचं. तुम्ही म्हणाल, यात काय आहे? मीही म्हटलं होतं. तर आजोबा असे बघत राहिले जसं काही मी त्यांच्या जेवणाच्या ताटाला पाय लावला. "काय आहे? बाळ, दार उघडलं की तुझ्या अंगाची उष्णता आत जाते. तुझा श्वास आत जातो. पारा तुझंच तापमान सांगायला लागतो! म्हणून श्वास रोखायचा. आधी दशांश वाचायचा, तो लवकर पळतो. मग पूर्ण अंश. मग श्वास सोडायचा."

आणि हे काम दोघांनी करायचं. आजोबा आणि त्यांचे जोडीदार. नाव होतं त्यांना, पण आमच्या घरात ते कायम 'जोडीदार'. जोडीदार झुकून दशांश सांगायचे, आजोबा पूर्ण अंश सांगायचे, दोन्ही मिळून एक आकडा वहीत. "चार!" "एकतीस!" झालं, एकतीस पूर्णांक चार. निवृत्त झाल्यावरही थांबले नाहीत! दोघांनी आपापल्या घरी उत्तरेच्या खिडकीबाहेर, सावलीत, एकेक तापमापक टांगला आणि रोज दुपारी अडीचला फोन. "तुझ्याकडे किती?" "अमुक." "माझ्याकडे तमुक. नीट वाचलंस का? श्वास सोडलास मध्येच, मला ऐकू आला!" आई म्हणायची, "दोन म्हातारे हवेवरून भांडतात, आणि हवेला पत्ता नाही."

तर हे जोडीदार घसरून पडले, कमरेचं हाड मोडलं आणि पुलापलीकडच्या रुग्णालयात दाखल झाले. भेटायची वेळ? दुपारी तीन ते चार! म्हणजे ज्या वेळी कावळासुद्धा पंख पसरून गप्प बसतो, त्या वेळी. आणि बाबांना सुट्टी फक्त रविवारची. आणि आमच्या आजोबांच्या हृदयाचे डॉक्टर, ते तर आजोबा समोर बसलेले असताना बाबांकडे बघून म्हणाले होते, "हे बघा, चाळीसच्या वर तापमान असेल तर ह्यांना घराबाहेर काढायचं नाही. चाळीसच्या आत, खुशाल न्या." जसं काही आजोबा म्हणजे लोणी!

आजोबांना हा नियम पसंत होता. आकड्याचा नियम ना! अडचण एकच झाली, आकडा कोणाचा धरायचा?

बाबांनी धरला गाडीचा. गाडीच्या समोरच्या काचेखाली एक छोटा पडदा आहे, त्यावर हिरव्या अक्षरांत बाहेरचं तापमान दिसतं. बाबांची श्रद्धा त्याच्यावर! आई म्हणाली, "अहो, मोबाईलवर बघा ना, त्यात अडतीस आहे." तर बाबा काय म्हणाले माहितीये? "मोबाईल अख्ख्या शहराचं सांगतो. हे आपल्या दाराचं सांगतं!" आई म्हणाली, "पण गाडीत एसी आहे ना?" "गाडीत आहे. गाडीतून उतरल्यावर वॉर्डापर्यंत ते एवढं मोठं अंगण आहे, तिथं कोण एसी धरून चालणार, तू?"

आजोबांनी पहिल्याच रविवारी, बाबा वर आल्यावर, सांगितलं होतं हो, अगदी शांतपणे. "अरे, त्याचा सेन्सर पुढच्या बंपरमागे असतो, जमिनीपासून वीतभर वर. खाली डांबर तापलंय, वर बॉनेट तापलंय, आणि गाडी सकाळपासून हललेली नाही. ते हवेचं तापमान नाही सांगत, स्वतःचं सांगतंय. जरा चालव, वारा लागू दे, दहा मिनिटांत खरं बोलेल. आमच्या खिडकीत साडेसदतीस आहे."

आणि बाबा हसले. वाईट नाही हसले, प्रेमानं हसले, तेच तर वाईट. "अण्णा, तुमचं साडेसदतीस मागच्या महिन्यात अठ्ठावीस होतं."

आता हेही सांगते. आजोबांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू. मागच्या महिन्यात त्यांनी अडतीसला अठ्ठावीस वाचलं आणि जेवताना सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगितलं, आणि आम्ही चौघं घामानं निथळत होतो! बाबा म्हणाले, "अठ्ठावीस? मग स्वेटर काढू का?" सगळे हसले. मीही हसले. आजोबाही हसले, पण दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचला त्यांनी मला खिडकीपाशी बोलावलं, दार लोटलं आणि हळूच म्हणाले, "आजपासून तू वाच. मी लिहीन. पण निरीक्षकबाई, हे आपल्या दोघांतच हं." चौतीस वर्षं आकडे वाचलेला माणूस! मी श्वास रोखला. "पाच," मग "सदतीस". त्यांनी लिहिलं.

म्हणजे पहिल्या रविवारचं ते साडेसदतीसही माझंच होतं. माझ्या धडधाकट डोळ्यांनी वाचलेलं. आणि ते सांगायचं तर आजोबांना दिसत नाही हे सांगावं लागणार... पण तेही सोडा! ते न सांगताही चार शब्द होतेच की. गाडी उन्हात उभी आहे.

दुसरा रविवार. अठ्ठेचाळीस! मी ठरवलं होतं, बोलायचं नाही तर निदान दाखवायचं. नोंदवही उघडली, एकोणीस दिवसांच्या नोंदींखाली लाल पेनानं रेघा ओढल्या आणि सकाळीच ती वही बाबांच्या सीटवर ठेवून आले, अशी की बसायच्या आधी दिसलीच पाहिजे. आणि बाबा आले, फोनवर बोलत आले आणि वहीवर बसले! एकोणीस दिवसांच्या सावलीतल्या नोंदींवर बसून त्यांनी उन्हातला आकडा वाचला आणि वर ओरडले, "अण्णा, आज तर अठ्ठेचाळीस!" उठले तर वही पॅंटला चिकटलेली. बाबा म्हणाले, "ही कुणाची वही इथं? शाळेच्या वस्तू जागच्या जागी ठेवाव्यात गं."

मी म्हटलं, "हो."

वर आजोबा शर्टाचं बटण काढत होते. त्या दिवशी अडीचच्या फोनवर जोडीदारांचा आवाज इतका बारीक झाला होता की आजोबांनी फोन माझ्या कानाला लावला. तिकडून पूर्ण आकडा येतच नव्हता. वॉर्डातून तापमापक कुठून दिसणार? ते आमचाच आकडा मागत होते. "दशांश सांग," म्हणाले, "दशांश माझा." मी म्हटलं, "दोन." तिकडून समाधानाचा सुस्कारा आला. मग म्हणाले, "त्याला म्हणावं, ये एकदा. आकडा चाळीसच्या आत आहे ना?"

आत होता हो! आतच होता! गाडी उन्हात उभी होती!

तिसरा रविवार. सेहेचाळीस. या वेळी मी बाबांच्या शेजारच्या सीटवर जाऊनच बसले. सगळं पाठ केलं होतं. बाबांनी किल्ली फिरवली, हिरवा आकडा आला, मी म्हटलं, "बाबा, गाडी..."

"काय?"

"गाडी उ..."

"उकडतंय? थांब, एसी वाढवतो."

आणि वाढवला! भस्सकन् थंड वारा तोंडावर आला आणि उरलेले शब्द घशातच गारठले. वर बघितलं. खिडकीत आजोबा. या खेपेला त्यांनी शर्ट बदललाच नव्हता. घरातल्याच बंडीवर उभे होते. ते बघून मला खाली उतरावंसंच वाटेना.

गुरुवारी दुपारी फोन वाजला. अडीचला नाही, बाराला. आजोबांनी कानाला लावला, ऐकला, ठेवला आणि घड्याळाकडे बघून म्हणाले, "आज जोडीदार फोन करणार नाही."

बाबा ऑफिसमधून तडक आले. गाडी खाली आणून उभी केली आणि वर येऊन पाणी पिऊन, आजोबांच्या पायात चपला सरकवून, त्यांचा हात धरून खाली उतरवेपर्यंत पाऊण तास गेला. किल्ली फिरवली. पडद्यावर अठ्ठेचाळीस. आई मागून म्हणाली, "अहो, अठ्ठेचाळीस आहे..." बाबा म्हणाले, "असू दे." बघा! असू दे! तीन रविवार जो आकडा ब्रह्मवाक्य होता, तो गुरुवारी 'असू दे' झाला. दोन शब्दांत!

निघालो रुग्णालयाकडे. आजोबा पुढे, मी आणि आई मागे. कोपऱ्यावर सेहेचाळीस. सिग्नलला पंचेचाळीस. पूल लागला, वारा लागला, त्रेचाळीस... एक्केचाळीस... चाळीस... बाबांची नजर रस्त्यावरून पडद्यावर, पडद्यावरून रस्त्यावर. आजोबा सरळ समोर बघत होते, पण मला आरशात दिसलं, त्यांनी श्वास रोखला होता.

"वाच गं," ते म्हणाले. सगळ्यांसमोर. आमचं गुपित होतं ना ते?

"अडतीस," मी म्हटलं.

बाबा म्हणाले, "पण मघाशी तर..."

आणि मी बोलले. इतक्या मोठ्यानं की आईनं दचकून माझा हात धरला. "बाबा, गाडी उन्हात उभी होती."

पूल संपला. बाबांनी एसी कमी केला, का कोण जाणे. आजोबांनी खिशातून वही काढली, तीच, बसून चुरगळलेली, आणि गुडघ्यावर ठेवून लिहिलं, दोन वाजून पंचावन्न, अडतीस, पुढे टिंब. मग मान वळवून मला विचारलं, "दशांश?"

"गाडीत दशांश दाखवत नाही, आजोबा."

"अच्छा," म्हणाले आणि टिंबापुढची जागा मोकळी ठेवून वही मिटली.

पुढचं काय सांगू? तेरा दिवस झाल्यावर बाबा स्वतः वरच्या मजल्यावरच्या मावशींकडे गेले. आमच्या इमारतीत सावलीतली जागा एकच, भिंतीलगतची, आणि ती त्यांची. बाबा घाबरत घाबरत म्हणाले, "जागा बदलून मिळेल का?" तर मावशी म्हणतात कशा, "अहो, घ्या की! माझी गाडी वर्षातून चारदा निघते, ती उन्हात काय नि सावलीत काय. आधी नाही का सांगायचं?"

आधी नाही का सांगायचं! ऐकलंत? म्हणजे आमच्या घरात न बोलणारी मी एकटीच नव्हते!

आता गाडी सावलीत असते. मी आता कुणालाही सांगते, रिक्षावाल्याला सांगते, शाळेच्या बसवाल्याला सांगते, आता तुम्हालाही सांगितलंच. आणि दर रविवारी पावणेतीनला बाबा खाली जातात, किल्ली फिरवतात आणि वर तोंड करून ओरडतात, "अण्णा, सदतीस! तुमच्याकडे किती?" मी श्वास रोखून वाचते, आजोबा खिडकीतून सांगतात, "सदतीस पूर्णांक तीन. बरोबर आहे रे तुझी गाडी."

"मग निघायचं का?" बाबा विचारतात. दर रविवारी विचारतात, गाडी चालू ठेवून.

आणि इस्त्रीच्या शर्टाची सगळी बटणं लावलेले आजोबा म्हणतात, "कुठे?"