क्षतिपूर्ती

कायद्यात प्रत्येक नुकसानीला भरपाई असते, असं आनंदराज मास्तर वर्गात शिकवायचे. लोह्याला तहसीलसमोर टायपिस्टच्या रांगेत त्यांच्यापुढे रुक्मिणबाई होत्या. नवरा वारल्यावर गॅस त्यांना स्वतःच्या नावावर करून घ्यायचा होता.

टायपिस्ट सांगत होता, “हे क्षतिपूर्तीपत्र, मावशी. नुकसान झालं तर भरून द्यायचं.”

“लई चांगलं. कवा देणार?”

“तुम्ही द्यायचं. एजन्सीला.”

“एजन्सीचं कोण वारलं?”

“कोणी न्हाई. उद्या दुसरी वारस उभी राहिली, तर एजन्सीला ताप नको.”

“दुसरी बायको म्हणता?”

“मी न्हाई, कायदा म्हणतो.”

“निघू द्या बापा. रडायला सोबत होईल.”

“अंगठा इथं.”

पत्रात ‘स्वखुशीने’ असं आधीच छापलेलं होतं. रुक्मिणबाईंनी अंगठा उठवला. घरातली टाकी तेराव्याच्या स्वयंपाकातच संपली होती.