होडीतली बिनआवाजी मोटर

हॅलो?… हॅलो… कोण?… हां, शशी! बोल गं… हो, नलिनीच. आवाज ओळखला नाहीस का वहिनीचा?… नाही, बरी आहे. झोप नाही नीट, म्हणून घसा असा.

थांब हं, कूलर बंद करते, काही ऐकूच येत नाही… हं, बोल आता. पोचलीस गावाला?… काल संध्याकाळी? बरं झालं. बाळूभाऊजी, विमल, बरे आहेत ना सगळे?…

हो.

हो, माहितीये. यांनी बसवलेली मोटर काढली आणि जुनं इंजिन परत बसवलं होडीत… कळलं कसं म्हणजे, विमलने स्टेटसला फोटो ठेवला होता ना. आंब्याच्या पेट्या भरलेली होडी. मीच नेऊन यांना दाखवला, बघा किती छान दिसतेय बाबांची होडी म्हणून. माझं लक्ष पेट्यांकडे. यांचं मागे गेलं, इंजिनाच्या त्या काळ्या धुडाकडे.

आज चौथा दिवस… नाही, बोलत नाहीत. मागच्या व्हरांड्यात बसून असतात. त्रेचाळीस डिग्री आहे इथे भोपाळात, आणि हा माणूस पत्र्याखाली खुर्ची टाकून बसलाय. आत या म्हटलं की मान हलवतात… जेवतात गं, दोन घास. मी समोर बसले तर.

शशी, अगं ओरडू नकोस… अगं ऐक ना…

बरं, बोल. बोलून घे.

हो… हो… लादलं? दादाने ती मोटर लादली असं म्हणतेस?… हो, दिसतं तसंच. छत्तीस वर्षं कारखान्यात रेल्वेच्या मोटरींचं वाइंडिंग केलं, रिटायर झाल्यावर घरी बसवेना, म्हणून भावाच्या होडीवर हात चालवला. आमच्या कॉलनीतल्या बायकासुद्धा हेच म्हणाल्या मला. भाईसाहब को कुछ तो चाहिए ना, भाभीजी… हो, बाबांनी बांधून घेतलेली होडी आहे, तुझाही तेवढाच जीव आहे तिच्यावर, मी नाही कुठे म्हणतेय…

धुराचं? हो, इंजिनाचा धूर होतो म्हणून बदललं, असंच सांगितलं होतं सगळ्यांना. धूर होतो, डिझेलची कटकट, सारखं गॅरेज. तेच सांगायचं ठरलं होतं.

ठरलं होतं म्हणजे… एक मिनिट हं शशी, दारात कोणीतरी… सुशीला, आज बर्तन रहने दो, शाम को आना… हां, दरवाज़ा भिड़ा देना.

हं. गेली. स्वयंपाकघरात येते मी, यांच्या कानावर जायला नको.

शशी, तुला एक सांगायचंय. सांगू नकोस म्हणून शपथ घातलीये यांनी मला. आठ महिने झाले. पण दमले मी आता. तू एकीकडून बोलतेस, विमल एकीकडून, आणि हे गप्प. कोणाकोणाचं ऐकू?

बाळूभाऊजींना ऐकू येत नाही… नाही गं, ‘कमी’ नाही. डावा कान पूर्ण गेलाय. उजव्यात थोडंसं उरलंय, तेही समोरून बोललं तर.

काल गेलीस तेव्हा हसले ना तुझ्याकडे बघून?… हसतातच. सगळ्यांकडे बघून हसतात आणि ‘हो, हो’ म्हणतात. यांच्या कारखान्यात अशी माणसं होती, ठोकाठोकीच्या शेडमधली. मान तिरकी करून तोंडाकडे बघत राहायचं, आणि मग उगाच ‘हो’. म्हणून यांनी ओळखलं. मला नसतं कळलं कधी.

गेल्या गणपतीत. तू आली नव्हतीस, तुझ्या सासूबाईंचं ऑपरेशन होतं… तेव्हाच. आम्ही पलीकडच्या बाजाराला निघालो होतो. होडीत अकरा माणसं, त्यात शाळेच्या मुली चार-पाच. खाडीच्या मध्यावर असताना मागून मासेमारीची मोठी बोट आली, भोंगा वाजवत. आम्ही सगळे वळून बघतोय, मुली ओरडतायत, आणि भाऊजी सुकाणू धरून समोर बघत बसलेले. शांत. जसं काही झालंच नाही… नाही ना! वळलेच नाहीत. यांनी उडी मारली आणि सुकाणू खेचलं. मी त्या मुलींना धरलं का त्यांनी मला, आठवत नाही. बोट इतकी जवळून गेली की पाणी आत आलं. माझी साडी गुडघ्यापर्यंत भिजली.

किनाऱ्याला लागल्यावर लोक त्या बोटवाल्यालाच शिव्या देत होते. भाऊजींना कोणी काही म्हणालं नाही.

रात्री दोघं भाऊ गोठ्यामागे बसले. पाटी-पेन्सिल घेऊन, खरंच सांगते. हे लिहायचे, ते बोलायचे. बत्तीस वर्षं त्या एका सिलिंडरच्या इंजिनाशेजारी बसलेत गं ते, दिवसाला चौदा-सोळा फेऱ्या, माणसं खाडीपार नेत. राहील का कान? पण भाऊजी रडले म्हणे. कोणाला सांगू नकोस दादा. तरीवाला बहिरा आहे कळलं तर होडीत कोण बसेल, लायसन कोण देईल. विमललासुद्धा अर्धंच माहीत होतं. ती समजायची, लक्ष नसतं यांचं.

 

अगं नको. नको ना असं बोलूस. तुला कुठून कळणार? वर्षातून चार दिवस जातेस. आम्ही तर दोन वर्षांनी.

तर म्हणून ती मोटर. डॉक्टर म्हणाले होते, गेलेलं परत येणार नाही, पण आवाजापासून लांब राहिले तर उरलेलं टिकेल. हे म्हणाले, इंजिनच बदलतो. बिजलीची मोटर, बिनआवाजी. उजव्या कानाला जे थोडं येतं ते तरी येईल, मागून कोणी हाक मारली तर कळेल. सगळा हिवाळा इथे गॅरेजमध्ये बसून होते. गोविंदपुऱ्यात एकाकडून शाफ्ट करून घेतला, तीनदा परत केला. वाइंडिंग स्वतः हाताने केलं. ती मोटर ट्रंकेत घालून आम्ही दोघांनी कल्याण स्टेशनचा जिना चढलाय शशी. माझे गुडघे बघायचे होतेस. बॅटऱ्या चिपळूणला घेतल्या. तीन आठवडे राहिलो, होळी करून आलो.

आणि चालली ना! छान चालली. पहिल्या फेरीला तर लोक गप्पच. पाण्याचा आवाज येतो म्हणाले, खाडीचा. एक म्हातारे म्हणाले, पूर्वी शिडाची होडी होती तेव्हा असं असायचं. यांचा चेहरा मी लग्नातही इतका खुललेला बघितला नाही. भाऊजी गप्प होते. आम्हाला वाटलं, आनंदाने गप्प आहेत.

आणि आता ती पोत्याखाली पडलीये म्हणतेस. म्हणजे आवडली नाही. म्हणजे आम्ही मूर्ख. जाऊ दे.

काय?… हो, विमल म्हणाली मला फोनवर. नवीन मशीन, त्यांना कळत नाही. वय झालं, नसेल कळत… भाऊजी स्वतःच म्हणाले तुला? काल?… ‘मला ती कळतच नाही.’ हं. मग शिकवलं असतं परत, त्यात काय…

थांब. परत सांग. पुढे काय म्हणाले?… ‘पायाखाली मेल्यासारखी असते’?… असं म्हणाले? पायाखाली?

आणि?… म्हातारी? कोण म्हातारी?… अगं बाई.

हळू सांग, हळू… जेट्टीला लागली होडी. लोक चढत होते… त्यांना वाटलं मोटर बंद आहे. आणि चालू होती… हो, उभी असली तरी वेगाची मूठ थोडी पुढे राहिली की ती ओढते… म्हातारीचा एक पाय जेट्टीवर, एक होडीत… पडली? पाण्यात?… कमरेइतकं. लागलं?… मनगट. देवा. बरी आहे ना?… हो, ते महत्त्वाचं… आणि दुसऱ्याच दिवशी काढली मोटर. आणि कोणाला बोलले नाहीत.

शशी.

शशी, अगं तुला कळतंय का? त्यांना मशीन कळत नाही असं नाहीये ते. ती चालू आहे का बंद, हे कळत नाही. कान गेल्यावर इंजिन पायानेच ओळखत होते गं ते. थरथर लागायची फळीतून. जोर किती, वेग किती, बंद पडतंय का, सगळं पायातून. आणि आम्ही जाऊन तेच काढून टाकलं.

विचारलंच नाही आम्ही. तीन आठवडे तिथे होतो. हे पाटीवर लिहून दाखवायचे, मूठ अशी फिरवली की पुढे, अशी की मागे. भाऊजी मान हलवायचे. तुला कसं वाटतं, असं नाही कोणी लिहिलं पाटीवर. मीही नाही. दमले होते, कधी घरी जातोय असं झालं होतं मला.

नाही… रडत नाहीये. फोडणीचा वास आहे… अगं नाही, गॅस बंदच आहे. असू दे.

थांब, ठेवू नकोस हां. यांच्याकडे नेते फोन.

अहो… अहो, इकडे बघा. शशी आहे फोनवर, गावाहून… सांगितलं मी तिला. हो, सगळं सांगितलं. शपथ होती, माहितीये. रागवा, पण नंतर रागवा. आधी ऐका… तुमची मोटर खराब नाहीये. बाळूभाऊजींना ती पायाला लागत नाही. जुनं इंजिन थरथरायचं, त्यावरून ते ओळखायचे चालू का बंद. ही थरथरतच नाही. जेट्टीला एक बाई पडली त्यामुळे… बऱ्या आहेत. मनगटाला लागलंय… हो. म्हणून काढली त्यांनी. तुमच्यावर रागावून नाही काढली.

शशी, सांगितलं यांना. 

उठले… आत चाललेत… नाही, माहीत नाही कुठे… खण उघडतायत. काय हवंय अहो?… पेन्सिल घेतली.

काय?… बरं, विचारते. विचारते, थांबा.

शशी, भाऊजी आहेत का तिथे?… पडवीत? जा ना जरा, फोन घेऊन जा. हे विचारतायत, ती थरथर पायाला नक्की कुठे लागते? चवड्याला का टाचेला?… अगं विचार तर, मग कळेल कशाला ते… ओरडू नकोस गं त्यांच्या कानात! समोर बस. पायाला हात लावून दाखव, इथे का इथे… थोरल्या भावाच्या पायाला हात लावायला काय झालं?… हं. मी आहे इथेच.

काय म्हणाले?… टाच? डावी… अहो, डावी टाच म्हणतायत… बसलेले असताना का उभे असताना?… बसलेले. उभे राहिल्यावर दोन्ही पायांना, पण कमी. अहो, बसल्यावर जास्त.

काय गं?… ‘दादाला कसं कळलं’ विचारतायत?… नाही, म्हणावं, दादाला नाही कळलं. तुम्ही सांगितलंत, म्हणून कळलं. लिही पाटीवर… तसंच लिही.

हे म्हणतायत, टाचेखालच्या फळीला खालून काहीतरी बसवता येईल. मोटर चालू असली की तेवढीच फळी थरथरेल. मोबाइल थरथरतो ना, तसं, मोठं. वेग वाढला की जास्त… होईल का ते मला काय माहीत? चेहऱ्यावरून होईल असं वाटतंय. फळी किती जाड आहे विचारतायत… अहो, आता ती पट्टी कुठून आणेल?… आहे? विमलने आणली?… बरं, मोज… सव्वा. सव्वा इंच, अहो. लिहिलंत?…

आणि शशी, माझं ऐक. विमलला सांग सगळं. आजच. आणि उद्यापासून होडीत पुढे कोणीतरी त्यांच्याकडे तोंड करून बसलंच पाहिजे, मागून काही आलं की हात वर करायला. विमल बसो, तू आहेस तोवर तू बस. लोकांना कळलं तर कळू दे. अकरा माणसं होती गं त्या दिवशी… हो. भाऊजींना वाईट वाटेल. वाटू दे.

येऊ गं. पावसाच्या आत यायलाच हवं, नाहीतर होडी वर काढाल तुम्ही. परत ती गाडी, परत तो कल्याणचा जिना… नाही, तक्रार नाही. दमलेय फक्त.

थांब, हे अजून काहीतरी… काय?… नक्की?… बरं.

शशी, भाऊजींना सांग, आम्ही येईपर्यंत जुनंच इंजिन चालू दे. कानात कापूस कोंबून, पण चालू दे… हो गं. दादानेच सांगितलं. हो, स्वतः.

चल, ठेवते आता.