दुसरी ‘ब’च्या भाषा

— दाखला मोठ्या बाईच देतील, दादा, दोन दारं सोडून बसतात त्या, पण आधी पाच मिनिटं माझं ऐका. बसा. मुलांचा बाक आहे, गुडघे टेकतील, पण बसता येतं. लेक शाळेत येईना तेव्हाच ओळखलं, तुम्ही का आलात ते मला ठाऊक आहे. या महिन्यात सहावे पालक तुम्ही. सगळ्यांचं एकच — बाई, वर्गात आपली मुलं राहिलीत कुठे? आता आपली म्हणजे कोणाची, ते मी विचारत नाही. बत्तीस मुलं आणि घरी बोलायच्या भाषा नऊ, हे खरंच आहे. कारखाना आला, कुठून कुठून माणसं आली, कोणाचा रंग वेगळा, कोणाचा देव वेगळा — हजेरी घेताना माझीच जीभ अडखळते. तुमच्या लेकीची नाही अडखळत. कशी शिकली? खेळता खेळता, दुसरं काय. दोरीवरच्या उड्या चार भाषांत मोजते ती. त्यांचं बोलणं मला मराठीत सांगते — बाई, याला लघवीला जायचंय. बाई, हिची आई आज येणार नाही. तेवीस वर्षं शिकवतेय मी, आणि सात वर्षांच्या पोरीच्या तोंडाकडे बघत बसते. म्हणून म्हणते, नेऊ नका तिला. ती गेली तर मी या वर्गात बहिरी होईन, दादा. हात जोडते.

तो खिडकीजवळचा रिकामा बाक ना — नाही, तिथला मुलगा शाळा सोडून नाही गेला. दवाखान्यात आहे. पिटुकला म्हणतात त्याला सगळे. पोटात आतल्या आत काहीतरी फुटलं होतं, ऑपरेशन झालं, आता बरा आहे — म्हणजे, होईल म्हणालेत. त्या दिवशी सकाळपासून एकच शब्द म्हणत होता, परत परत, आणि बाकावर असा वाकलेला. मला वाटलं, चाळे करतोय. गोंगाट काय कमी असतो का वर्गात? मी त्याला कोपऱ्यात उभं केलं, भिंतीकडे तोंड करून. मधल्या सुट्टीपर्यंत — नाही, खोटं कशाला बोलू, सुट्टीनंतरही.

तुमची लेक उठली होती. ‘बाई, तो दुखतंय म्हणतोय,’ म्हणाली. मी म्हटलं, ‘तुला कोणी विचारलंय? खाली बस.’ ती बसली नाही. परत तेच म्हणाली. मग मी तिला — हात नाही लावला हो, शपथ — दाराबाहेर उभं केलं. आणि तो तिकडे कोपऱ्यात खाली कोसळला.

मोठ्या बाईंना हे ठाऊक नाही. मुलाने काही सांगितलं नाही, असं लिहून दिलंय मी. सांगितलं नाही कसं, सांगतच तर होता. त्याची आई दवाखान्यात माझे दोन्ही हात धरून तिच्या भाषेत कितीतरी वेळ बोलत होती, कपाळाला लावत होती ते हात. मीच त्याला उचलून नेलं होतं ना — आभार मानत असावी. असावी. मला कुठे कळतंय?

तर सांगायचं हे, की त्या मुलांपायी लेकीला काढू नका, त्यांच्यात राहूनच तर ती — काय म्हणालात? त्यांच्यामुळे नाही?

मग?

कधीपासून बोलत नाही? घरीसुद्धा? … आठ दिवस. म्हणजे त्या दिवसापासूनच. आणि दप्तर काढलं की पलंगाखाली जाते. हं.

पण बोलतच नाही, तर तुम्हाला कारण कोणी — नाही. कोणीच नाही सांगितलं. तुम्हाला माहीतच नव्हतं. आत्ता कळलं, माझ्याच तोंडून.

दादा, रागवा तरी.

… बरं. जा तुम्ही. डावीकडची खोली. मोठ्या बाईंना सगळं सांगा, मी म्हटलं तसंच, काही गाळू नका. मला नाही जमायचं. आणि आता उठा, मुलं येतायत आत.