पानामागं गुळाचा खडा

पुलगावच्या स्टँडवर बसची वाट पाहताना नलूच्या कानावर मागच्या बाकावरच्या दोन बायांचं बोलणं पडलं.

"आमच्या बुढ्याले रोजनिशी लिवाची सवय लागावी म्हनून मी पानामागं गुळाचा खडा देत होती."

"लागली मंग सवय, शकुबाई?"

"अवं, मरून वरीस झालं तरी सुटली नाई! सकाळी वहीवर खडा ठेवते, दुपारी खडा गायब अन् पान भरलेलं."

"माय वं! लिवते काय?"

"मले कुठं वाचता येते? काल गूळ सरलता, तरी पान भरलं. तूच वाच."

पान उलटल्याचा आवाज आला. मागं वळून पाहायची नलूची छाती झाली नाही.

"काऊन थांबली वं?"

"लिवलं हाये, 'आज खडा नाई. उद्या शकूले घ्यायले येतो.'"

"म्हंजे आजच की! बरं झालं, लुगडं नवं नेसून आली."