न दिसलेला समुद्र

एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या पावसाळ्यात मालवणच्या एसटीतून उतरलेले आकाराम आणि शालूबाई कोल्हापूरच्या स्टँडवर पन्हाळ्याच्या गाडीची वाट बघत बसले होते. शेजारच्या बाकावर पुस्तक उघडून बसलेल्या अनोळखी नंदिनी मास्तरणीचं पान बराच वेळ उलटलं नव्हतं; कान या दोघांच्या बोलण्याकडे होते.

"घरात काय सांगायचं गं?" आकाराम म्हणाले. "चौदा माणसं इचारतील, समुद्र कसा हाय म्हनून."

"चार दिस नुसता पाऊस, भाईर पाय टाकाय येईना. लॉजच्या खिडकीतनं म्होरचा माडसुदीक दिसंना."

"भाताची लावण झाली की जाऊ म्हटलं, माझंच चुकलं. तुला लई बघायचा हुता."

"चुकलं कुठं? चार दिस आयता चा मिळाला. तुमी माझ्या केसांचा गुंता काढला."

"ते घरात सांगू नगंस."

"न्हाय सांगत. लगीन झाल्यापास्नं तुमी एवढं कवा बोलला न्हाईसा."

"त्या घरात दोघांनी बोलाय जागा कुठं हाय?"

"म्हनूनच तर. समुद्र बघायचा ऱ्हायला म्हनून सांगू. म्हंजी पुढल्या वर्साला परत जाया येतंय."

"दिवाळीनंतर जाऊ मग. तवा चांगलं ऊन असतंय, सगळं दिसंल."

"नगं," शालूबाई म्हणाल्या, "पावसातच जाऊ."