पुसू का?

(संगणकाच्या दुकानाचा मागचा कोपरा. भिंतीला लागून दोन खुर्च्या. त्यांवर आई आणि लेक. काउंटरवर नवा लॅपटॉप, खोक्यातून अर्धा बाहेर काढलेला.)

लेक: परत सांग. त्याने विचारलं, आणि तू काय म्हणालीस?

आई: कितीदा सांगू? नै म्हणाले.

लेक: एकदा?

आई: एकदा कशाला, चांगलं तीन-चारदा. तू फोन घेऊन बाहेर गेलीस आणि हा चष्मेवाला तुझा जुना कम्प्युटर धरून माझ्यासमोर उभा. काहीतरी विचारलं. मी म्हटलं, नै. मग त्याने हाताने असं केलं, फळा पुसावा तसं. तेवढं कळलं मला. मी म्हटलं, नै, नै, नै! त्याच्यावर हातसुद्धा ठेवला.

लेक: हात ठेवलास.

आई: मग? अडवायला नको? तर हा हसला, मान लववली आणि घेऊन गेला आत. उद्धट मेला.

लेक: आई, ह्या देशात, ह्यांच्या भाषेत 'नै' म्हणजे हो.

आई: काय?

लेक: हो. होय. अवश्य. आधी त्याने विचारलं, आतलं सगळं काढून घेतलंय का? तू म्हणालीस, हो. मग विचारलं, पुसू का? तू म्हणालीस, हो, हो, हो. आणि वर हात ठेवलास. मला म्हणतो, तुमच्या आईंनी जुन्या मशीनचा फार प्रेमाने निरोप घेतला.

आई: नै म्हणजे हो? ही कुठली उलट्या काळजाची भाषा!

लेक: दोन महिने झाले तुला इथे येऊन. दोन महिन्यांत 'हो'ला काय म्हणतात ते कळलं नाही?

आई: माझ्याशी बोलतंय कोण? तू सकाळी जातेस ती दिवेलागणीला उगवतेस, आणि आल्यावर त्या पडद्यात डोकं. मी काय भिंतींशी... थांब. म्हणून ती पाववाली!

लेक: कोण पाववाली?

आई: कोपऱ्यावरची. मी नै म्हणते, आणि ती पिशवीत आणखी एक पाव घालते. मला वाटायचं, जीव लावते बिचारी.

लेक: म्हणून फ्रीजमध्ये पावांची चळत लागलीय! हसू नकोस.

आई: मी कुठे हसतेय?

लेक: आणि मलाही हसवू नकोस. उद्या सकाळी त्या शाळेत लहान मुलांच्या खुर्च्यांची ड्रॉइंग्ज दाखवायची आहेत. काय दाखवू? रिकामे हात?

आई: दुसरीकडे नाही ठेवलीस? तुझ्या त्या काडीत?

लेक: पेनड्राइव्हवर जुनी आहेत, अगदी पहिली. तू आल्यानंतरचं काही नाही. ऑफिसात ठेवली असती तर मालक म्हणाला असता, माझ्या छपराखाली काढलीस, माझी झाली. जुन्या मशीनवर नवं सॉफ्टवेअर चालेना, म्हणून ते दुकानात देऊन हे घेतलं. सॉफ्टवेअर ह्यांच्या भाषेत, की-बोर्डवर ह्यांची अक्षरं. रेघ, कोन, बिजागरी... पहिलीतल्या पोरासारखे शब्द पाठ केलेत मी. आणि तुला एक शब्द येईना.

आई: मुद्दाम केलं का मी?

लेक: तेच विचारतेय.

आई: काय म्हणालीस?

लेक: आल्यापासून एकच घोषा. परत चल, परक्यांच्या कपाटांना किती दिवस बिजागऱ्या लावणार. हे शाळेचं काम मिळालं असतं तर नोकरी सोडून इथेच स्वतःचं सुरू केलं असतं मी. आता नाही मिळणार. झालं तुझ्या मनासारखं.

आई: जिभेला काही हाड?

लेक: तुझीच जीभ आहे, वारशाने आलेली.

आई: मला त्या यंत्राचं बटण सापडत नाही, आणि मी कारस्थान करणार?

लेक: तुला बटणं कधी लागली? एक शब्द पुरायचा. ड्रॉइंग शिकते म्हटलं, नाही. वसतिगृहात राहते म्हटलं, नाही. लाकूडकामाच्या वर्गाला जाते म्हटलं, नाही, मुलीच्या हातात रंधा शोभतो का. जन्मभर तुझं नाही ऐकत आले मी.

आई: ऐकलंस कुठे? ऐकलं असतंस तर आज इथे बसली असतीस का? आणि बसायला तरी धड आहे का ही खुर्ची! पाठ टेकली की माणूस घसरतं पुढे.

लेक: बैठकीला मागे उतार नाही दिलेला. विषय बदलू नकोस. पुढच्या आठवड्याचं तिकीट बघते तुझं.

आई: बघ. आत्ताच बघ. नव्या कम्प्युटरचं उद्घाटन त्यानेच होऊ दे.

लेक: गप्प बस, तो येतोय. मला ऐकू दे.

आई: काय विचारलंस त्याला? आता हाच नै, नै म्हणतोय! म्हणजे चांगलं ना? म्हणजे हो ना?

लेक: मी विचारलं, सगळं गेलं का.

आई: अगं बाई.

लेक: म्हणतो, फार नीट पुसलं. तुमच्या आईंनी इतक्या आग्रहाने सांगितलं म्हणून.

आई: कागदावर काढलेलं काहीच नाही?

लेक: छापून बघायचे. चूक दिसली की कागद टोपलीत. तो गेला रद्दीत.

आई: रद्दीत नाही गेला.

लेक: मग?

आई: कप्प्यांत आहेत. चमच्यांखाली, डब्यांखाली. माझी आई जुनी कॅलेंडरं घालायची. सरलेलं अख्खं वर्ष आमच्या डब्यांखाली असायचं. तुझ्या घरी कॅलेंडर कुठलं? मग तुझे कागद घातले.

लेक: त्यावरून भांडण झालं होतं आपलं. नको म्हटलं होतं मी. काढायला लावले होते.

आई: हो. तू झोपलीस की परत घातले. मीही ऐकलं नाही.

लेक: सगळे?

आई: टोपलीतले सगळे. असला जाड, गुळगुळीत कागद टाकवतो होय? तेलाच्या बाटलीखालचा थोडा डागाळला असेल. पण चित्रं खालच्या बाजूला आहेत. पालथे घातलेत मी.

लेक: पालथे का?

आई: रात्र-रात्र जागून काढलेली खुर्ची, तिच्यावर काय बाटली ठेवायची?

लेक: (आईकडे बघत लॅपटॉप परत खोक्यात सरकवते.)

आई: अशी बघतेस काय? चालतील का ते?

लेक: चुकलेली आहेत ती ड्रॉइंग्ज. पण मापं असतील. मापं मिळाली तर बसून परत काढता येतील. सगळी नाही, शाळेपुरती.

आई: मग ऊठ. खोकं मी धरते.

लेक: तू नको धरूस. बरं, धर. खालून धर.

आई: धरलंय. दार तेवढं उघड.

लेक: आई, मघाशी मी जे बोलले...

आई: बोललीस. ते काही पुसता येत नाही. पायरी बघ पुढे.

लेक: तिकिटाचं खरंच बघू का? जायचंय तुला लवकर?

आई: नै.

लेक: कुठलं नै? इथलं की आपलं?

आई: घरून आणलेलं.